टाचणीचं शेत

जोसाया पर्किसला मातीआड करून सहा महिने झाले होते, तरी रविवारच्या चहाला त्याच्या खुर्चीत बसायचं धाडस घरात कुणी केलं नव्हतं. मे महिन्यातल्या त्या रविवारी डॉर्कस आत्या आली, टोपी खुंटीला अडकवली आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली. ब्याऐंशी वर्षांची बाई, जोसायाची थोरली बहीण. तिला अडवणार कोण?

"खुर्ची आहे ती, सिंहासन नव्हे," सगळ्यांच्या नजरा बघून ती म्हणाली. "आणि जोसायाला झबली मी घातलीत. तो काही बोलायचा नाही. हेस्टर, केकात शहाजिरं घातलंस की यंदाही विसरलीस?"

"घातलंय, आत्या. साखर तेवढी कमी आहे. रेशनची होती ती सगळी घातली."

"लढाई संपून सहा वर्षं झाली, अजून साखर मोजूनच. जिंकलो म्हणतात आपण." आत्यानं केकाचा मोठा तुकडा आपल्या बशीत ओढला.

हेस्टर हसली, पण तिचं लक्ष शेकोटीवरच्या फळीकडे होतं. फळीवर, घड्याळाखाली, एक लांबट पाकीट तीन आठवडे दबून पडलं होतं. त्यात वकिलानं टाइप करून पाठवलेला कागद होता. 'आमच्या शेतातून जाणारी वाट सार्वजनिक नाही; आजवर जो कुणी तिच्यावरून गेला तो पर्किसांच्या परवानगीनं गेला,' असं त्यात लिहिलेलं होतं आणि खाली दोन सह्यांची जागा होती. एक तिच्या धाकट्या भावानं, ॲम्ब्रोजनं भरली होती. दुसरी हेस्टरची. जोसायानं घर, गोठा आणि वरची जमीन मुलाला दिली, पण नदीकडचं हे एक शेत मात्र दोघांच्या नावावर करून ठेवलं. का, ते त्यालाच ठाऊक.

शेत घ्यायला आरमारातला एक निवृत्त कमांडर तयार होता. त्याला नदीकाठी घर बांधायचं होतं आणि आपल्या खिडकीखालून गावानं चिखलाचे बूट घेऊन जावं, हे त्याला नको होतं. वाट नसेल तर शेत घेतो, असेल तर राम राम. शेत विकलं गेलं की ॲम्ब्रोज ट्रॅक्टर घेणार होता, दूध काढायचं यंत्र घेणार होता आणि इथंच राहणार होता. नाही विकलं गेलं, तर त्याची बायको लॉटी हिचा भाऊ न्यूझीलंडहून बोलावतच होता. त्याची चार पत्रं आली होती. चौथ्यात बोटीची तारीखसुद्धा होती.

ॲम्ब्रोज एक्केचाळीस वर्षांचा होता, हेस्टर पंचावन्नची. तो आठ वर्षांचा असताना आई गेली आणि तेव्हापासून त्याचे मोजे विणण्यापासून त्याचं लग्न लावण्यापर्यंत सगळं हेस्टरनं केलं होतं. स्वतःचं लग्न करायचं मात्र राहून गेलं. तो गेला तर ह्या घरात तिच्याशी बोलायला घड्याळ उरणार होतं.

म्हणून तिनं ठरवलं होतं, सही करायची. आज ग्रामसभेतर्फे पायवाटांची यादी करणारे टिझर्ड मास्तर येणार, ही वाट त्या यादीतून वगळणार, मग सही.

आता वाटेचं सांगायलाच हवं. विडनम गाव मुळात टेकडीवर नव्हतंच. ते नदीकाठी होतं, चर्चभोवती. तीनशे वर्षांपूर्वी प्लेग आला, खालची घरं जाळली गेली आणि जे वाचले ते वर जाऊन राहिले. निदान विडनमचे लोक तरी असं सांगतात. खरंखोटं तो प्लेग जाणे. चर्च दगडाचं होतं, ते खालीच राहिलं, एकटं, कुरणात. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो की मयत, विडनमच्या माणसानं टेकडी उतरायची, आणि उतरायची वाट पर्किसांच्या शेतातून, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून.

ओबेडाया पर्किस, म्हणजे हेस्टरचा पणजोबा, हा भारी सावध माणूस होता. ज्या जमिनीवरून प्रेत नेलं ती वाट कायमची सगळ्यांची होते, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. तेव्हा सगळ्यांनीच ऐकलं होतं. प्रेत अडवावं तर गाव थुंकेल, सोडावं तर शेत जाईल. मग त्यानं तोड काढली. शवपेटी फाटकाशी आली की खांदेकऱ्यांनी थांबायचं आणि फाटकाच्या ओकच्या खांबात एक टाचणी खुपसायची. टाचणी म्हणजे मोल. मोल दिलं म्हणजे परवानगी घेतली. परवानगी घेतली म्हणजे वाट पर्किसांचीच. त्या दिवसापासून गाव त्याला टाचणीचं शेत म्हणू लागलं आणि खांब वर्षागणिक गंजून तांबडा होत गेला.

प्रत्येक टाचणीची नोंद वहीत. हेस्टर पंधरा वर्षांची झाल्यापासून ती वही तीच लिहायची, आणि लिहिता लिहिता तिला गावाचा इतिहास लिहायचा नाद लागला. दोन जाड वह्या भरल्या होत्या. राजेराण्या त्यात नव्हत्याच. अठराशे एकाहत्तरचा फेब्रुवारी होता: घटसर्प, एका महिन्यात नऊ टाचण्या, त्यांतल्या सात पोरांच्या. अठराशे अठ्ठ्याऐंशीचा लोहार होता, इतका जड की खांदेकरी शेतात दोनदा खाली बसले आणि बिअर आल्याशिवाय उठेनात. आणि पहिल्या लढाईची चार वर्षं होती. चर्चमधल्या दगडावर सात पोरांची नावं, आणि वहीत त्यांच्या नावाची एकही टाचणी नाही. ती पोरं परत आलीच नाहीत. त्या कोऱ्या ओळींशी हेस्टर नेहमी थांबायची.

फाटक वाजलं. टिझर्ड मास्तर आले.

मास्तरांची शाळा बंद होऊन चार वर्षं झाली होती, पण मास्तरकी काही सुटली नव्हती. दारातून आत येताच ते म्हणाले, "ॲम्ब्रोज, हात धुतलेस?"

ॲम्ब्रोजनं खरोखरच हात पाठीमागे नेले, मग स्वतःवरच वैतागला. लॉटी खुदकन हसली. बंदरातल्या गजबजलेल्या गल्लीत वाढलेली लॉटी बारा वर्षांपूर्वी इथं लग्न होऊन आली होती आणि तिचं हसू आताशा फारसं ऐकू येत नसे. आज तिनं चांगले कप काढले होते. मास्तरांच्या चहात तिनं न विचारता दोन चमचे साखर घातली. रेशनच्या साखरेचे दोन चमचे म्हणजे केवढी मनधरणी, हे घरातल्या सगळ्यांना कळलं.

"तर," मास्तरांनी पिशवीतून छापील फॉर्म काढला. "सरकारचं फर्मान आहे. प्रत्येक गावानं आपल्या पायवाटा चालून बघायच्या आणि लिहून पाठवायच्या. कुठली सगळ्यांची, कुठली कुणा एकाची. विडनमच्या अकरा झाल्या. ही बारावी."

"ही लिहायचीच नाही, मास्तर," ॲम्ब्रोज म्हणाला. "ही आमची. पुरावा आहे." त्यानं टाचणीवही टेबलावर ठेवली. कपडे बदलून, केस ओले करून, तो ह्या क्षणासाठीच बसला होता. "एकशे बारा वर्षं. एकही मयत टाचणीशिवाय गेलं नाही. बघा."

मास्तरांनी चष्मा चढवला आणि पानं उलटायला सुरुवात केली. सावकाश, प्रत्येक नाव वाचत. कुठं मान हलवत होते, कुठं हसत होते. शेवटाकडच्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ॲडलेड टिझर्ड," त्यांनी आपल्या बायकोचं नाव वाचलं. "मार्च चव्वेचाळीस. टाचणी मीच लावली होती. बोटं गारठलेली, आत जाईना. जोसायानं घरातून हातोडी आणून दिली."

आत्यानं केकाचा तुकडा खाली ठेवला.

"वही उत्तम आहे," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "अशी वही परगण्यात दुसरी नसेल. पण ॲम्ब्रोज, ही सगळी मेलेली माणसं आहेत."

"मग?"

"मी जिवंतांचं विचारतोय. रविवारी चर्चला जातात त्यांचं."

"त्यांचं काय?" हे आत्या म्हणाली. "ते जातात."

"कुणाला विचारून?"

"अहो मास्तर!" आत्या खुर्चीत सरळ झाली. "चर्चला जायला विचारायचं? पर्किस काय तुम्हाला इतके हलकट वाटले? माझा बाप म्हणायचा, जित्या माणसाला फाटक लावील तो पर्किसच नव्हे!"

"आत्या, केक घे," ॲम्ब्रोज म्हणाला.

"घेतलाय. आणि नुसतं चर्चला नव्हे हो! कपडे धुवायला बायका ह्याच वाटेनं नदीवर जायच्या. पबातले ते दोघे भाऊ गळ घेऊन जायचे, येताना आम्हाला एखादा मासा द्यायचे. आणि संध्याकाळी जोड्या! मे महिन्यात तर अशी रांग लागायची. माझं स्वतःचं—"

"आत्या, चहा गार होतोय," लॉटी कळवळून म्हणाली.

"मला गारच आवडतो. तर सांगत होते, कुण्णी कध्धी विचारलं नाही आणि आम्ही कध्धी अडवलं नाही. लिहा तुम्ही. ठळक अक्षरात लिहा."

मास्तरांनी पेन हातात घेतलं नाही. त्यांना ह्या घराची दया आली असावी. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "कायदा असा आहे. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं उघडपणे, न विचारता चालले आणि मालकानं अडवलं नाही, तर ती वाट सगळ्यांची होते. कायद्यात प्रेताचा उल्लेखच नाही. कधी नव्हताच."

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात तो हा. चार पिढ्या पर्किसांनी मेलेल्यांवर जागता पहारा ठेवला आणि जिवंतांना मोकळं सोडलं. ओबेडायानं टाचण्या मागण्याऐवजी वर्षातून एकदा, एक दिवस फाटकाला कुलूप घातलं असतं तरी भागलं असतं. हेस्टरला हसू यायला हवं होतं, पण ॲम्ब्रोजचा चेहरा बघून ते आतल्या आत जिरलं.

"आत्याचं वय झालंय," ॲम्ब्रोज म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "काल काय जेवली तेसुद्धा तिला आठवत नसेल."

"ससा," आत्या म्हणाली. "आणि बटाटे. ससा निबर होता." मग तिला काय होऊन बसलं ते उमगलं. ती ॲम्ब्रोजकडे बघू लागली, मग फळीवरच्या पाकिटाकडे. "अरे, मी आपल्या घराण्याचं चांगलंच सांगत होते रे..."

"माहीत आहे, आत्या."

"बाईंचं मी लिहून घेत नाही," मास्तर म्हणाले. "हे चहाचं बोलणं झालं. साक्ष मी हेस्टरची घेतो." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "तू ह्या गावाचा इतिहास लिहिलास. तुझ्याइतकं ह्या वाटेबद्दल कुणाला ठाऊक नाही. तू सांग. तुझ्या हयातीत ह्या वाटेनं जाणारे लोक पर्किसांना विचारून जात होते का? हो म्हणालीस तर वाट यादीतून गेली. तुझ्या शब्दावर मी दुसरं कुणाला विचारायला जाणार नाही."

हो. एवढंसं उत्तर. तीन आठवडे हेस्टरनं ते घोटलं होतं. भांडी घासताना, कोंबड्या कोंडताना. आणि ॲम्ब्रोजचं तरी काय चुकत होतं? गाव उरलंय कुठं? रविवारी चर्चला अकरा माणसं; पाऊस असला तर सात. शाळेला कुलूप. तरणी पोरं शहरात. मोटाररस्त्यानं दीड मैल वळसा घेतला की चर्च येतंच. अकरा म्हाताऱ्यांच्या वाटेसाठी ह्यानं आपलं घर सोडायचं?

ॲम्ब्रोज तिच्याकडे बघत होता. तिनं कधी त्याला नाही म्हटलं नव्हतं. लॉटीनं आपले दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले होते.

हेस्टरनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "नाही."

मग तिला थांबता येईना.

"नाही, मास्तर. कुणी विचारलं नाही. अठरा साल आठवा. बाबा फ्रान्समध्ये होते. नोव्हेंबरात आई गेली त्या साथीच्या तापानं. ॲम्ब्रोज तापानं पडलेला आणि पाचव्या दिवशी मीही पडले. बावीस वर्षांची होते मी. उठून पाणी घ्यायची ताकद नव्हती. तेव्हा मिसेस ट्रास्क रोज सकाळी खाली यायची. पंधरा दिवस आधीच तिनं पोरीला पुरलं होतं. पोरीच्या कबरीजवळ जायची रोज. जाताना आमच्या खिडकीत रस्सा ठेवायची. मग तिचं बघून बाकीचे. कुणी लाकडं टाकून जाई, कुणी पाव. गाई कोण पिळतंय ते मला कळत नव्हतं, पण पिळल्या जात होत्या. गावात स्वतःच्या घरची माणसं मरत होती आणि हे लोक उतरून येत होते. त्या हिवाळ्यात त्या वाटेवर गवताची काडी राहिली नाही."

ती दम घ्यायला थांबली.

"कुणी फाटकात उभं राहून विचारलं नाही, पोरी, येऊ का? विचारलं असतं ना, तर मी नका म्हणाले असते. तुम्हालाही ताप लागेल, नका येऊ, असंच म्हणाले असते. विचारलं नाही म्हणून आम्ही दोघं आहोत. आता मी कागदावर कसं लिहू की ते आमच्या परवानगीनं आले?"

मास्तरांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली.

"एका साक्षीनं चालतं," मास्तर उठत म्हणाले, "दोन असल्या तर कुणी पुढं वाद घालत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेहून परतताना कागद घेऊन जाईन." साखरेचा चहा त्यांनी उभ्याउभ्या संपवला आणि लॉटीकडे न बघता बाहेर पडले.

ॲम्ब्रोजनं चांगला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि गोठ्यात गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं हेस्टरला वाटलं.

मोरीपाशी लॉटी कप धुवत होती आणि हेस्टर पुसत होती.

"मी वाईट नाही, हेस्टर," लॉटी शेवटी म्हणाली. "तुमच्या गावाची वाट चोरायची हौस नव्हती मला. लग्नाच्या दिवशी त्याच वाटेनं आले मी, घोटाभर चिखलातून, पांढऱ्या बुटांनी. मला एवढंच हवं होतं की घरात नळ यावा, आणि ह्याची पाठ रोज रात्री शेकावी लागू नये."

"माहीत आहे गं."

"तुम्ही वाट राखलीत आणि भाऊ घालवलात."

"तेही माहीत आहे," हेस्टर म्हणाली, आणि हातातला कप खाली ठेवून रडू लागली. पंचावन्न वर्षांची बाई, लहान मुलीसारखी हुंदके देऊन. लॉटी क्षणभर बघत राहिली. मग तिनं आपले ओले हात पुसले नाहीत की काही नाही, तशीच नणंदेला जवळ घेतलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

ॲम्ब्रोज परत आला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. अंगाला गोठ्याचा वास, बाह्या वर सारलेल्या. डॉर्कस आत्या जोसायाच्या खुर्चीतून उठून भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली होती, शिक्षा घेतल्यासारखी. तो टेबलाशी बसला आणि मास्तरांचा कागद त्यानं आपल्याकडे ओढला.

"दुसरी साक्ष कुठं करायची? इथं?"

"ॲम्ब्रोज," हेस्टर म्हणाली, "माझ्यासाठी करत असशील तर नको करू."

"तुझ्यासाठी नाही." तो कागदाकडेच बघत होता. "मला तो रस्सा आठवत नाही. मिसेस ट्रास्कही आठवत नाही. गाय पिळता पिळता आठवायला बघत होतो. पावलं आठवतात फक्त. अंधुक असताना यायची, खिडकीखाली थांबायची, मग खाली जायची." त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मला कुणी सांगितलं नव्हतं ना, आई गेली म्हणून."

"तुला ताप होता रे. मी सांगणार होते."

"मला वाटायचं ती आईच. कोंबड्या सोडायला निघालीये. रोज वाटायचं. आज बरा झालो की खाली जाऊन तिला गाठीन, म्हणून मी पाणी प्यायचो, औषध घ्यायचो. त्या पावलांवर बरा झालो मी, हेस्टर."

तेहेतीस वर्षं हा माणूस हेस्टरच्या शेजारी जेवत होता, आणि हे तिला माहीत नव्हतं. गावभरच्या मेलेल्यांची नावं तिला पाठ होती.

त्यानं सही केली. मोठी, मास्तरांनी शिकवली तशी. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग मान वर न करता म्हणाला, "लॉटी, तुझ्या भावाला लिही. येतो म्हणून कळव."

"आणि ह्या घराचं?" आत्यानं बाकावरून विचारलं.

"घर हेस्टरचं. गाई विकू. वरची जमीन शेजारी कसायला घेईल."

"मग मी पण मरेपर्यंत इथंच येऊन राहते," आत्या म्हणाली. "हिला रोज ओरडायला कुणीतरी पाहिजे."

त्यावर हसायला कुणालाच आलं नाही, पण आत्या पुढच्याच सोमवारी ट्रंक घेऊन राहायला आली.

बाकीचं सगळं भराभरा झालं. कमांडरनं दोन ओळींचं पत्र धाडून दुसऱ्या परगण्यात जमीन घेतली. जूनमध्ये गाई गेल्या, आणि त्या दिवशी ॲम्ब्रोज जेवला नाही. उन्हाळाभर लॉटी हेस्टरच्या जास्तच जवळजवळ राहू लागली. केक कसा करायचा ते लिहून घेतलं, मोज्याची टाच कशी वळवायची ते शिकून घेतलं. भावजय मिळाली ती जायच्या वेळी, असं हेस्टर आत्याला म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी ते निघाले. सामान घेऊन व्हॅन मोटाररस्त्यानं वर गेली, तिच्यात लॉटी. बस पबापाशी मिळायची. ॲम्ब्रोज म्हणाला, मी शेतातून येतो. हेस्टर त्याच्याबरोबर निघाली. रात्री पाऊस झाला होता. दोघं एकामागोमाग एक चालत होते, कारण वाट एका माणसापुरतीच होती. तो पुढं, ती मागं. त्याची मान मागून अगदी बाबांसारखी दिसत होती.

वरच्या कुंपणाशी तो थांबला.

"शेतातला माझा हिस्सा तुझ्या नावावर केलाय. वकिलाकडे कागद आहेत."

"कशाला केलंस? तुझं म्हणून इथं काय राहिलं मग?"

त्यानं खाली बघितलं. चर्चपासून दोघांच्या पायांपर्यंत वाट ओली चमकत होती, आणि तिच्यावर दोघांचे ताजे ठसे होते.

"ही राहिली," तो म्हणाला. "मास्तर परवा दाखवून गेले, यादीत चढली. सगळ्यांची म्हणजे माझीही झाली ना? उद्या कधी परत आलोच, तर कुणाला विचारायला नको." त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण तो फसला.

हेस्टरनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. तो आठ वर्षांचा असल्यापासून ती ते लावत आली होती. वर पबापाशी बसचा भोंगा वाजला.

"विचारू नकोस," ती म्हणाली. "सरळ ये."